अज्ञात कोनाचा शोध : विल्यम लॅम्ब्टन यांचे जीवनकार्य

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या निमित्ताने दरवर्षी पिंपरी-चिंचवड, देहूरोड, भोसरी आणि चाकण परिसरातून असंख्य बांधव नागपूरच्या दीक्षाभूमीकडे प्रयाण करतात. वर्धा स्थानक आले की नागपूर जवळ आल्याची जाणीव होते आणि डब्यातील झोपलेली मुले जागी होतात. याच वर्ध्याहून दक्षिणेकडे वळल्यास सुमारे तासाभरात हिंगणघाट हे गाव लागते. कापसाची बाजारपेठ म्हणून ते सर्वांना परिचित आहे. तथापि याच गावाच्या मातीत एका माणसाची कबर आहे, ज्याने भारताच्या भूमीचे पहिले अचूक मोजमाप आरंभिले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे नाव विल्यम लॅम्ब्टन. २० जानेवारी १८२३ रोजी हैदराबादहून नागपूरकडे जात असता हिंगणघाटच्या मुक्कामी त्यांचे निधन झाले.

इतिहासाच्या शिक्षकाने गणिताच्या माणसाचे चरित्र का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण आमच्या वर्गातच घडले. अकरावीत गेलेला आमच्या वसतिगृहाचा एक माजी विद्यार्थी सुटीत भेटावयास आला होता. दहावीपर्यंत गणितात त्याला उत्तम गुण मिळाले होते, परंतु साइन नियमाशी येऊन त्याची गाडी अडली होती. त्रिकोणाच्या दोन बाजू आणि एक कोन दिला असता उरलेला कोन काढण्याचा हा खटाटोप आपल्यासारख्यांच्या काय कामाचा, असे त्याने आम्हांस विचारले. आपल्यासारख्यांच्या हा शब्द आमच्या मनाला लागला. ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यानपिढ्या अक्षरांपासून दूर ठेवले गेले, त्यांच्या नातवंडांनी एखादी विद्या आपली नव्हे असे मानणे, यापरते दुर्दैव नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही लॅम्ब्टन यांच्यापर्यंत पोहोचलो. ते उत्तर या स्मरणिकेच्या पानांतून सर्वच आजी-माजी विद्यार्थी व पालकांसमोर ठेवीत आहोत.

लॅम्ब्टन यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, नॉर्थॲलर्टन गावाजवळ, अठराव्या शतकाच्या मध्यास एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. घराण्याचा मोठेपणा नाही, पाठीशी कोणी धनवान नाही, अशा स्थितीत गावच्या शाळेत त्यांना गणिताची गोडी लागली आणि तीच त्यांची आयुष्यभराची शिदोरी ठरली. १७८१ च्या सुमारास ते ब्रिटिश पायदळाच्या ३३ व्या पलटणीत अगदी कनिष्ठ हुद्द्यावर दाखल झाले. अमेरिकेतील वसाहतींचे स्वातंत्र्ययुद्ध तेव्हा अखेरच्या टप्प्यात होते. यॉर्कटाऊन येथे ब्रिटिश सैन्याने शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा लॅम्ब्टनही युद्धकैदी झाले. सुटकेनंतर कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात त्यांनी सुमारे तेरा वर्षे काढली. तेथे जमिनींची मोजणी आणि सैनिकी बराकींची देखभाल अशी दुय्यम कामे त्यांच्या वाट्यास आली. बढती नाही, प्रसिद्धी नाही. परंतु लांबलेल्या हिवाळ्यांच्या त्या एकांतात त्यांनी गणित, खगोल आणि भूमापन या विषयांवरील ग्रंथांचा स्वतःच्या बळावर सखोल अभ्यास केला. एका सूर्यग्रहणाचे निरीक्षण करताना त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी अधू झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

१७९६ साली त्यांची पलटण भारताकडे निघाली. तिचा प्रमुख आर्थर वेलस्ली हा होता. हाच वेलस्ली पुढे १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईमुळे महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदला गेला. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या चौथ्या म्हैसूर युद्धात लॅम्ब्टन सहभागी होते. श्रीरंगपट्टणच्या परिसरातील रात्रीच्या एका कूचाची हकीकत त्यांच्याविषयी सांगितली जाते. सेनानी दक्षिणेकडे निघालो आहोत अशा समजुतीत होता. लॅम्ब्टन यांनी आकाशातील तारे पाहून तुकडी प्रत्यक्षात उत्तरेकडे, म्हणजे शत्रूच्याच दिशेने चालली असल्याचे त्याच्या निदर्शनास आणले. आरंभी त्याचा विश्वास बसला नाही. होकायंत्र पाहिल्यावर मात्र लॅम्ब्टन यांचेच म्हणणे खरे ठरले. वरिष्ठाच्या अधिकारापेक्षा निरीक्षणातून आलेला पुरावा श्रेष्ठ मानण्याचे धैर्य या प्रसंगातून दिसते.

म्हैसूर पडल्यावर कंपनी सरकारच्या ताब्यात विस्तीर्ण मुलूख आला. त्या मुलखाचे नकाशे होते, परंतु ते प्रवासाच्या मार्गांवरून, चाकांच्या फेऱ्या मोजून आणि अंदाज बांधून तयार केलेले होते. लॅम्ब्टन यांनी निराळीच योजना मांडली. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत आणि पुढे दक्षिणोत्तर असे त्रिकोणांचे एक अखंड जाळे विणावयाचे, आणि त्या जाळ्याच्या आधारे प्रत्येक गावाचे स्थान निश्चित करावयाचे. त्यात त्यांचा आणखी एक उच्च हेतू होता. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, हे तत्कालीन शास्त्रज्ञांना ज्ञात होते. परंतु ती नेमकी किती चपटी, हे ठरविण्यासाठी विषुववृत्ताच्या जवळच्या प्रदेशात एका अंशाची लांबी अचूक मोजणे आवश्यक होते. भारताचे द्वीपकल्प त्यासाठी उत्तम स्थळ होते. १८०० साली योजनेला मंजुरी मिळाली. मद्रासच्या खर्च समितीतील एकाने मात्र असा युक्तिवाद केला की ज्याला श्रीरंगपट्टणला जावयाचे असेल त्याने आपल्या पालखीच्या भोयांना तसे सांगावे, ते नेऊन पोहोचवतील. एवढ्या खर्चाच्या मोजणीची गरजच काय? नव्या विद्येची थट्टा प्रत्येक काळात अशीच झाली आहे. शिवाय मोजणीला विरोध करणाऱ्या त्या साहेबालाही वाट ठाऊक नव्हती, ती भोयांना ठाऊक होती, हे यातले आणखी एक सत्य.

आता त्या त्रिकोणांच्या मुळाशी असलेले तत्त्व पाहू. कोणत्याही त्रिकोणात प्रत्येक बाजूला तिच्यासमोरील कोनाच्या साइनने भागले असता तिन्ही वेळा एकच संख्या मिळते. यालाच साइन नियम म्हणतात. साइन हा शब्द इंग्रजी वाटतो, परंतु त्याचे मूळ आपल्याच भूमीत आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ मधील आपल्या ग्रंथात ज्या, म्हणजे धनुष्याची दोरी, या कल्पनेवर कोष्टक रचले. ज्या हा शब्द अरबी ग्रंथांत जिबा झाला, त्याचे वाचन जैब असे होऊ लागले. जैब म्हणजे वस्त्राचा गळा वा घडी. लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा सायनस हा शब्द योजिला, आणि त्यातून साइन आला. तेराव्या शतकात इराणच्या नासिरुद्दीन तुसी यांनी सपाट त्रिकोणांसाठी हा नियम सुस्पष्ट मांडला. एक शब्द भारतातून निघून बगदाद, स्पेन, इंग्लंड असा प्रवास करीत पुन्हा आमच्या शाळेच्या फळ्यावर आला. विद्येवर कोणा एका जातीची, देशाची वा धर्माची मालकी नसते, याचा यापेक्षा सुबोध दाखला आम्हांस तरी ठाऊक नाही.

या नियमाची शक्ती अशी की प्रत्यक्ष जमिनीवर फक्त एकच रेषा मोजावी लागते. त्या रेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीकडे पाहून दोन कोन मोजले की, १८० अंशांतून त्यांची बेरीज वजा करून तिसरा कोन मिळतो आणि साइन नियमाने उरलेल्या दोन्ही बाजू मिळतात. मिळालेली बाजू हाच पुढच्या त्रिकोणाचा पाया होतो. अशा रीतीने नदी, अरण्य, दरी न ओलांडता शेकडो मैलांचे अंतर कळते. मात्र पहिल्या रेषेत वा कोनांत किंचितही चूक झाली तर ती पुढच्या प्रत्येक त्रिकोणात शिरते.

ही चूक किती महाग पडते हे आमच्या विद्यार्थ्यांना एका सोप्या उदाहरणातून दिसते. मैदानात १०० मीटरची रेषा आखली. तिच्या एका टोकावरून दूरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहता कोन ९० अंश आणि दुसऱ्या टोकावरून ८६ अंश आला. तिसरा कोन ४ अंशांचा. मग पहिल्या टोकापासून टाकीचे अंतर साइन नियमाने सुमारे १४३० मीटर येते. आता ८६ अंशांऐवजी ८५.५ अंश मोजले गेले असे समजा. तिसरा कोन ४.५ अंशांचा होतो आणि तेच अंतर सुमारे १२७० मीटर येते. अर्ध्या अंशाच्या गफलतीने टाकी १६० मीटर जवळ सरकली! म्हणूनच लॅम्ब्टन पाया लांब घेत, त्रिकोण फार निमुळते होऊ देत नसत आणि कोन पुनःपुन्हा मोजत.

१८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पहिली पायारेषा मोजण्यास आरंभ झाला. ती सुमारे साडेसात मैल लांब होती. मोजणीची साखळी पोलादी, १०० फूट लांबीची. चीनच्या सम्राटास भेट देण्यासाठी नेलेल्या आणि तेथे न स्वीकारल्या गेलेल्या साहित्यातून ती भारतात आली होती. उन्हाने पोलाद प्रसरण पावते, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत सरळ ठेवून तंबूंच्या सावलीत ताणली जाई, शेजारी उष्णतामापके ठेवली जात आणि प्रत्येक वेळच्या तापमानानुसार लांबीत दुरुस्ती केली जाई. अशी ती साखळी सुमारे ४०० वेळा एकापुढे एक अंथरली गेली. मद्रासच्या ऐन उन्हाळ्यातले ते काम होते.

कोन मोजण्याचे यंत्र म्हणजे थिओडोलाइट. लॅम्ब्टन यांच्यासाठी लंडनमध्ये घडविलेले हे यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. त्याच्या मुख्य चक्राचा व्यास ३६ इंच होता. ते घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. परंतु हे शास्त्रीय उपकरण आहे हे कळताच फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने मद्रासला धाडून दिले. दोन राष्ट्रे परस्परांशी लढत असतानाही विद्येचा असा आदर होत होता.

पूर्व-पश्चिम जाळे मंगळूरपर्यंत पोहोचले, तेव्हा जुन्या नकाशांतील चूक उघड झाली. मद्रास ते मंगळूर अंतर जुन्या नकाशांत सुमारे ४०० मैल दाखविलेले होते. ते प्रत्यक्षात ३६० मैलांच्या आसपास निघाले. नकाशावरील ४० मैल रुंदीचा पट्टा मुळात अस्तित्वातच नव्हता! त्यानंतर लॅम्ब्टन यांनी ७८ व्या रेखांशाच्या आसपासची दक्षिणोत्तर मालिका हाती घेतली. हीच पुढे ग्रेट आर्क, म्हणजे महाचाप, या नावाने जगप्रसिद्ध झाली. कन्याकुमारीच्या टोकापासून निघालेली ही रेषा बिदरच्या पुढे उत्तरेकडे सरकत गेली. नकाशावर ७८ वा रेखांश पाहिला तर तो आपल्या किनवट-यवतमाळच्या परिसरातून जातो.

१८०८ साली तंजावर येथे मोठे संकट ओढवले. सपाट मुलखात उंच टेकड्या नसल्याने बृहदीश्वर मंदिराच्या उत्तुंग शिखरावर थिओडोलाइट चढविण्यात येत होते. मध्येच दोर तुटला आणि ते यंत्र भिंतीवर आदळले. ज्या चक्रावर अंश-कला कोरलेल्या होत्या तेच वाकडे झाले. दुसऱ्या कोणी काम सोडून दिले असते. लॅम्ब्टन यांनी कोणावर आगपाखड केली नाही. ते तंबूत शिरले आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या यांच्या साहाय्याने केसाकेसाने ताणून सुमारे सहा आठवड्यांत त्यांनी चक्र पूर्ववत केले. चाकण वा भोसरीच्या कारखान्यात रोज मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी झुंजणाऱ्या आमच्या पालकांना या सहा आठवड्यांचे मोल अधिक सांगावयास नको.

या महान कार्यात लॅम्ब्टन यांच्या हाताखाली कोण होते, हे निवासी शाळेच्या स्मरणिकेत आवर्जून सांगितले पाहिजे. मद्रासमध्ये १७९४ च्या सुमारास भूमापनाची एक शाळा निघाली होती आणि तिच्यात अनाथ मुलांच्या आश्रमातील मुले घेतली जात. यांतील बहुतेक मुले युरोपीय पिता व भारतीय माता यांची अपत्ये होती. दोन्ही समाजांनी त्यांना अर्धवट मानले. त्यांच्यापैकी जोशुआ डी पेनिंग हा लॅम्ब्टन यांच्याबरोबर दोन दशकांहून अधिक काळ राहिला आणि त्यांचा अत्यंत विश्वासू सहकारी ठरला. आश्रमातल्या मुलांच्या हाती साखळी आणि कोष्टके दिली, तर ती मुले पृथ्वीचा आकार मोजू शकतात. आमच्यासारख्या वसतिगृहांच्या शाळा कशासाठी असतात, याचे उत्तर याहून वेगळे नाही.

१ जानेवारी १८१८ हा दिवस आपल्या वाचकांना ठाऊक आहे. चाकणहून शिक्रापूरमार्गे थोड्याच अंतरावर असलेल्या भीमा कोरेगावी त्या दिवशी झालेल्या लढाईचे स्मरण आपण दरवर्षी विजयस्तंभापाशी करतो. नेमक्या याच तारखेपासून लॅम्ब्टन यांचे काम मद्रास सरकारकडून भारत सरकारच्या अखत्यारीत गेले आणि त्यास ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे असे नाव मिळाले. हा केवळ योगायोग आहे, त्यातून काही गूढ काढण्याचे कारण नाही. परंतु एकाच दिवसाच्या इतिहासाला किती बाजू असतात, हे त्यावरून ध्यानात येते. आदल्याच वर्षी, १८१७ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीने लॅम्ब्टन यांना सदस्यत्व देऊन गौरविले होते. १८१८ मध्येच जॉर्ज एव्हरेस्ट हा तरुण अधिकारी त्यांचा सहायक म्हणून नेमला गेला.

लॅम्ब्टन आता वृद्ध झाले होते आणि क्षयाने त्यांना ग्रासले होते. तरीही मुख्यालय नागपूरला हलविण्यासाठी ते स्वतः निघाले. हिंगणघाटला छावणी पडली असता, सत्तरीच्या आसपासच्या वयात, त्यांची प्राणज्योत मालवली. तोवर त्यांच्या देखरेखीखाली सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैलांचा प्रदेश त्रिकोणांच्या जाळ्यात आला होता. हिमालयाच्या पायथ्यापर्यंतची महाचापाची मोजणी पुढे एव्हरेस्ट यांनी १८४१ मध्ये पूर्ण केली.

येथपर्यंत चरित्र झाले. परंतु इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांस येथे थांबता येत नाही. त्याचे कारण साइन नियमातच दडलेले आहे. ज्या प्रश्नापाशी आमचा विद्यार्थी अडला होता तोच प्रश्न घेऊ. एका त्रिकोणाची एक बाजू १२ किलोमीटर असून तिच्यासमोरील कोन ३० अंशांचा आहे. दुसरी बाजू १८ किलोमीटर आहे. तिच्यासमोरील अज्ञात कोन किती? ३० अंशांची साइन ०.५. तिला १८ ने गुणून १२ ने भागले की ०.७५ येते. ज्या कोनाची साइन ०.७५ आहे तो कोन सुमारे ४८ अंश ३५ मिनिटे. विद्यार्थी येथे उत्तर लिहून मोकळा होतो आणि गुण गमावतो. कारण १८० अंशांतून हा कोन वजा केला असता मिळणाऱ्या १३१ अंश २५ मिनिटांच्या कोनाची साइनही ०.७५ च असते. पहिले उत्तर घेतले तर तिसरा कोन १०१ अंश २५ मिनिटांचा होतो, दुसरे घेतले तर १८ अंश ३५ मिनिटांचा. दोन्ही त्रिकोण काटेकोर खरे आहेत. दिलेला कोन लहान बाजूसमोरचा असल्याने ही दुविधा उद्भवते. तो मोठ्या बाजूसमोरचा असता तर उत्तर एकच आले असते. आता यांतील कोणता त्रिकोण आपल्यासमोर आहे, हे सूत्र सांगत नाही. त्यासाठी आणखी एक माहिती लागते, जागेवर जाऊन पाहावे लागते. लॅम्ब्टन शक्य तेथे त्रिकोणाच्या तिन्ही टोकांवर यंत्र नेऊन तिन्ही कोन मोजत, ते याचसाठी. बेरीज जुळते की नाही, याची तपासणी ते स्वतः करीत. पृथ्वी गोलाकार असल्याने मोठ्या त्रिकोणांत ही बेरीज १८० अंशांहून किंचित अधिक भरते. सुमारे २०० चौरस किलोमीटरमागे एक सेकंद इतकी ती वाढ असते. तीही ते हिशेबात धरीत.

लॅम्ब्टन यांच्या आयुष्याकडे पाहतानाही अशीच दोन उत्तरे समोर येतात. एक उत्तर असे की ते निःस्पृह विद्याव्रती होते, गरिबीतून आले, विद्येच्या बळावर उभे राहिले आणि कामाच्या वाटेवरच देह ठेवला. दुसरे उत्तर असे की ते जिंकणाऱ्या सत्तेचे सेवक होते आणि त्यांच्या नकाशांनी महसूल गोळा करण्यास व सैन्य हलविण्यास साह्य झाले. दोन्ही उत्तरे पुराव्याशी जुळतात. एकच उत्तर लिहून मोकळे होणे हे येथेही अपुऱ्या गणितासारखेच होय. तिसरी माहिती हवी. ती साखळी कोणी वाहिली? अर्ध्या टनाचे यंत्र डोंगरमाथ्यावर कोणी चढविले? धूळ बसून हवा स्वच्छ व्हावी म्हणून पावसाळ्यात मोहीम निघे, तेव्हा अरण्यातल्या तापाने कोणाचे प्राण गेले? टेकडीवर निशाण धरून दिवस दिवस कोण उभे राहिले? हे खलाशी, भोई, हमाल, निशाणवाले याच देशातले श्रमिक होते. अहवालांत यंत्राच्या प्रत्येक स्क्रूचे वर्णन आहे, या माणसांची नावे मात्र अभावानेच आढळतात.

पुढच्या पिढीत या प्रश्नाला एकाने वाचा फोडली. त्यांचे नाव राधानाथ सिकदार. १८१३ साली कलकत्त्यात जन्मलेले आणि हिंदू कॉलेजात शिकलेले राधानाथ १८३१ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी सर्व्हेत गणक म्हणून रुजू झाले. १८४३ साली डेहराडून येथे एका इंग्रज मॅजिस्ट्रेटने सर्व्हेच्या मजुरांना वेठीस धरून आपले सामान वाहावयास लावले. राधानाथ यांनी ते सामान अडवून ठेवले आणि जाब विचारला. खटला चालून त्यांनाच २०० रुपये दंड झाला, परंतु त्यांनी माघार घेतली नाही. याच राधानाथ यांच्या गणिताने १८५२ मध्ये त्या काळी केवळ पंधरा क्रमांकाने ओळखले जाणारे शिखर जगात सर्वोच्च ठरले. शेकडो मैल दूरच्या ठाण्यांवरून मोजलेल्या कोनांतून त्याची उंची २९,००२ फूट निघाली. आजच्या ८,८४८.८६ मीटर या मान्य उंचीशी ताडून पाहता फरक जेमतेम नऊ मीटरचा आहे. १८६५ मध्ये शिखराला नाव मात्र एव्हरेस्ट यांचे देण्यात आले. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये राधानाथ यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले, तेव्हा कोठे सामान्यांना त्यांची ओळख झाली.

वेठ या शब्दाचा अर्थ आमच्या वाचकांना कोशात पाहावा लागत नाही. तो आपल्या आज्या-पणज्यांच्या पाठीवर लिहिलेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडून या गुलामीच्या मुळावर घाव घातला. त्यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या मसुद्यातून साकारलेल्या संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीस कायमची बंदी केली. राधानाथ यांना ज्यासाठी दंड भरावा लागला, तोच आज प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. मोजणीच्या इतिहासातला हा तिसरा कोन होय, आणि तो मोजल्यावाचून तो त्रिकोण पुरा होत नाही.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. त्याचे वडील भोसरीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये कामाला आहेत. आम्ही त्यास सांगितले की वडिलांना साइन बार दाखवावयास सांग. साइन बार म्हणजे दोन सारख्या रोलरांवर बसविलेली पोलादी पट्टी. रोलरांच्या मध्यांतले अंतर २०० मिलिमीटर असेल आणि एका रोलरखाली १०० मिलिमीटर उंचीचे स्लिप गेज ठेवले, तर पट्टी बरोबर ३० अंशांत उभी राहते, कारण १०० भागिले २०० म्हणजे ०.५ ही ३० अंशांची साइन आहे. ९० अंशांची साइन एक असल्याने हाही साइन नियमच, काटकोन त्रिकोणातला. पुढच्या सुटीत तो पुन्हा आला. वडील रोज जे हाताने करीत होते तेच आपल्या पुस्तकात सूत्ररूपाने आहे, हे त्याला उमगले होते आणि वडिलांनाही ते प्रथमच कळले होते. त्या रात्री बापलेक वहीवर त्रिकोण काढीत बसले होते, एवढे त्याने सांगितले. आम्हांस तेवढे पुरे झाले.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज चाकणच्या वाहन कारखान्यांत साचे घडवितात, कोणी शासनाच्या मोजणी खात्यात टोटल स्टेशन घेऊन शेतांच्या हद्दी ठरवितात, कोणी परदेशात अभियंते आहेत. या सर्वांना आमची एक विनंती आहे. पुढील वेळी दीक्षाभूमीला जाल तेव्हा सवड काढून मुलांना हिंगणघाटला घेऊन जा. यॉर्कशायरच्या एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा तेथे विसावला आहे, हे त्यांना सांगा. आणि त्याच दमात, ज्यांच्या खांद्यांवरून त्याचे यंत्र पुढे गेले, त्या अनामिकांचेही स्मरण करावयास सांगा. नंतर मुलांच्या हाती कोनमापक द्या आणि कोणताही कोन इतरांच्या सांगण्यावरून खरा न मानता स्वतः मोजून पाहावयास शिकवा.